घरातला समुद्र : मंचरचा हिरवा मासा

गेल्या आठवड्यात सांगितलं होतं की या भागात मीठ कालवण्याचं गणित पुरं करू. ते आता पुढच्या आठवड्यात. मंचरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे, सोबत काही फोटो आहेत, आणि प्रश्न इतका चांगला आहे की मीठ थांबू शकतं.

त्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. रत्नागिरीच्या बाजूला राहणाऱ्या भाच्याला ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात बोटभर लांबीचा एक मासा मिळाला. तो डब्यात घालून, बॅटरीवरचा हवेचा पंप लावून, त्याने मामांकडे पोचवला. आला तेव्हा मासा तपकिरी-हिरवट होता, अंगावर काळपट डाग, पाठीच्या परावर एक काळा ठिपका. सात-आठ महिन्यांत तो निळसर-हिरवा झाला आणि गालांवर गुलाबी-नारिंगी पट्टे उमटले. एका दुकानदाराने फोटो पाहून ‘मून रॅस’ सांगितलं, दुसऱ्याने ‘ग्रीन रॅस’. तिसऱ्याने तर आधीचा आणि आताचा फोटो शेजारी ठेवून हे दोन वेगळे मासेच आहेत असं ठामपणे सांगितलं. पत्राच्या शेवटी मामा विचारतात, ‘सर, मासा एकच आहे हे मला माहीत आहे. मग याचं नाव काय?’

मामांचं म्हणणं बरोबर आहे. मासा एकच आहे, आणि रॅस कुळातल्या माशाने असं रूप पालटणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला बिबट्या ओळखायची रीत ऐकून माहीत असते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते आणि ती जन्मभर तशीच राहते, म्हणून उसात लावलेल्या कॅमेऱ्यातला फोटो पाहून अभ्यासक सांगू शकतात की हा तोच प्राणी की दुसरा. रॅस याच्या नेमका उलट. पिल्लू असताना एक रंग, मादी असताना दुसरा, आणि मादीचा नर झाला की तिसरा. ‘मादीचा नर झाला’ हे मी शब्दशः म्हणतोय. या कुळातल्या बहुतेक जातींत मासा आयुष्याचा पहिला भाग मादी म्हणून काढतो आणि पुढे त्याचा नर होऊ शकतो.

या गोष्टीने भल्याभल्यांना चकवलं आहे. युरोपच्या किनाऱ्यावर ‘ककू रॅस’ नावाचा मासा मिळतो. त्याचा नर निळा-नारिंगी, मादी गुलाबीसर आणि पाठीवर काळे ठिपके असलेली. सगळ्या सजीवांना दुहेरी नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1758 च्या ग्रंथात या एकाच माशाची दोन जातींत नोंद केली, नर वेगळा आणि मादी वेगळी. त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षं या कुळात हेच होत राहिलं. पिल्लाला एक नाव, मादीला दुसरं, नराला तिसरं, आणि मग कुणीतरी धीराने बसून ती नावं एकत्र करायची. आज या कुळात पाचशेहून जास्त जाती मानल्या जातात, पण कागदावर आलेली नावं त्याहून कितीतरी जास्त आहेत.

हा बदल घडतो कसा, हे ज्या कामातून लख्ख दिसलं ते मला फार आवडतं, म्हणून थोडं थांबतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या हेरन बेटाजवळ डी. आर. रॉबर्टसन नावाचा संशोधक ‘क्लीनर रॅस’चे गट पाहत होता. हे बारीक, काळ्या पट्ट्याचे मासे दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातात. एका गटात एक नर आणि काही माद्या, आणि माद्यांतही थोरली-धाकटी अशी उतरंड. रॉबर्टसनने नर काढून घेतला. दीड-दोन तासांत सर्वांत थोरली मादी नरासारखी वागू लागली. ती गटाच्या हद्दीवर फिरू लागली, इतर माद्यांवर नराचा रुबाब दाखवू लागली. दोनेक आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होऊ लागले. हा लेख 1972 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. नर जिवंत आणि हजर आहे तोवर त्याचा दाब माद्यांना मादीच ठेवतो, तो हटला की वरची मादी त्याची जागा घेते.

आता मंचरच्या टाकीकडे या. डबक्यातून आलेला मासा लहान होता, बहुधा मादी-अवस्थेत. टाकीत तो एकटा. वर दाबायला कुणी नर नाही. पोटभर खाणं आहे, वाढ चांगली आहे. अशा माशाने काही महिन्यांत नराचे रंग धरले तर त्यात काहीच नवल नाही. रंग हीच जर याची सर्वांत चंचल गोष्ट, तर नाव शोधताना रंगाकडे सर्वांत शेवटी पाहायचं. मी स्वतः या क्रमाने जातो: मासा कुठला, काटे किती, तोंड आणि खवले कसे, वागतो कसा, आणि मग रंग.

मासा कुठला, या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देतो. समुद्रातून पकडलेल्या माशाचं गाव कळलं की अर्धी पुस्तकं मिटता येतात. मामांचा मासा रत्नागिरीचा, ही पक्की माहिती आहे. दुकानात ‘ग्रीन रॅस’ म्हणून विकला जाणारा हॅलिकोएरिस क्लोरोप्टेरस फिलिपिन्सपासून पुढे पश्चिम पॅसिफिकमध्ये राहतो. कोकणच्या डबक्यात तो असण्याचा प्रश्नच नाही. फोटोत कितीही साम्य दिसो, ते नाव इथेच खोडून टाकायचं. नेटवर फोटोला फोटो जुळवणारे लोक नेमके इथे फसतात.

दुकानातून मासा आणला असेल तर दुकानदाराला मासा नव्हे, माल कुठून आला ते विचारा. लक्षद्वीप, मन्नारचं आखात, इंडोनेशिया, फिलिपिन्स, केनिया, काहीही असू शकतं. सांगता आलं नाही तर पहिले काही दिवस माशाच्या झोपेची वेळ पाहा. अनेक रॅस अंधार पडायच्या सुमाराला वाळूत शिरतात, आणि नव्या टाकीत आल्यावरही काही दिवस आपल्या जुन्या सूर्यास्ताची वेळ पाळतात. फिलिपिन्समध्ये सूर्य आपल्यापेक्षा सुमारे तीन तास आधी मावळतो. नुकताच आलेला मासा दुपारी साडेतीन-चारला वाळूत गडप होत असेल तर तो पूर्वेकडून आला असावा. हा पुरावा नव्हे, पण खूण चांगली आहे.

मग काटे. पाठीच्या पराचा पुढचा भाग टोकदार, कडक काट्यांचा असतो, मागचा भाग टोकाशी फाटे फुटलेल्या मऊ काड्यांचा. कडक काटे मोजायचे. थॅलसोमा गटात ते 8 असतात, हॅलिकोएरिस गटात 9, बोडियानस गटात साधारण 12. मासा नर होवो, मादी होवो, रंग बदलो, काटे बदलत नाहीत. मोजायचे कसे? टाकीच्या काचेला बाहेरून छोटा आरसा लावा. प्रतिबिंब पाहून मासा पर ताठ उभारतो. तेवढ्यात मोबाइलवर भराभर फोटो घ्या आणि मग स्क्रीनवर मोठे करून मोजा. आरसा दोन-चार मिनिटांत काढून घ्या, माशाला उगाच दमवू नका. मासा बाहेर काढून हातात धरून मोजण्याचा विचारही करू नका.

मामांनी पाठवलेल्या फोटोंपैकी एकात पर छान उभा आहे. काटे 9. म्हणजे ‘मून रॅस’, अर्थात थॅलसोमा लुनारे, बाद. पहिल्या दुकानदाराची गल्लत का झाली तेही दिसतं. मून रॅसच्या पिल्लालाही पाठीच्या परावर काळा ठिपका असतो. पण त्याच्या शेपटीच्या मुळाशी आणखी एक मोठा, धुरकट काळा डाग असतो, तो इथे नाही. मोठ्या मून रॅसची शेपटी चंद्रकोरीसारखी, आत पिवळी. मामांच्या माशाची शेपटी गोलसर आहे.

खवले मोठे आहेत, त्यामुळे बारीक खवल्यांचा कोरिस गटही बाजूला गेला. तोंडाच्या कोपऱ्याशी मागे एक सुळा दिसतो, ही हॅलिकोएरिस गटाची ठेवणीतली खूण आहे.

आता कोकणच्या खडकाळ, शेवाळ असलेल्या उथळ पाण्यात कोणते हॅलिकोएरिस असू शकतात, एवढाच प्रश्न उरतो. नेब्युलोसस म्हणावा तर त्याच्या मादीच्या पोटावर गुलाबी-लाल ठसठशीत डाग असतो. मामांच्या जुन्या फोटोत पोट साधं आहे. उलट छातीच्या पराच्या मुळाशी एक लहानसा गडद ठिपका सगळ्या फोटोंत आहे, आधीच्याही आणि आताच्याही. पाठीच्या परावरचा ठिपका, अंगावरचे काळपट आडवे डाग, आणि आता गालांवरचे पट्टे हे सगळं एकत्र धरलं की माझा निर्णय स्पष्ट आहे: हॅलिकोएरिस नायग्रेसेन्स. हा साधारण अर्धी वीत वाढणारा, आपल्याच किनाऱ्यावरचा मासा आहे.

या माशाचा भारताशी संबंध नावापासूनच आहे. 1801 साली ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात तो पहिल्यांदा नोंदला गेला, तो तमिळ किनाऱ्यावरच्या ट्रँकेबारच्या नमुन्यावरून. ट्रँकेबार तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं आणि तिथले मिशनरी मासे मद्यार्कात बुडवून बर्लिनला पाठवत. पुढे 1839 मध्ये व्हॅलेन्सिएनने याच माशाला ड्युसुमिएचं नाव दिलं. ड्युसुमिए हा फ्रेंच जहाजमालक-व्यापारी, मुंबई आणि मलबारला येऊन पॅरिसच्या संग्रहालयासाठी मासे नेणारा. नियमाने आधीचं नाव टिकलं. म्हणून जुन्या पुस्तकांत ‘हॅलिकोएरिस ड्युसुमिएरी’ दिसलं तर बिचकू नका, मासा हाच.

नाव कळल्याचा उपयोग टाकी चालवताना होतो. हा वाळूत झोपणारा मासा आहे. त्याला तळाशी किमान दोन-अडीच इंच बारीक, गुळगुळीत वाळू हवी. घोड किंवा कुकडीची वाळू धुऊन वापरू का, असं मला पुष्कळ जण विचारतात. आपल्या नद्यांची वाळू काळ्या दगडाची, जाड आणि कडांची असते. त्यात रोज शिरून माशाचं अंग सोलवटतं. मोतिया रंगाची, चुन्याच्या घटकांची बारीक वाळूच घ्या. मासा नवा असेल आणि दोन-तीन दिवस दिसला नाही तर वाळू उकरू नका, तो आपणहून वर येईल. आणि टाकीवर जाळी हवीच. रात्री वीज जाते, पंप थांबतो, अचानक दिवा लागतो, आणि घाबरलेला रॅस उडी मारून फरशीवर पडतो. माझ्या ओळखीत रॅस गेले त्यांतले बहुतेक रोगाने नाही, उडीने गेले.

मामांनी पत्रात आणखी एक विचारलं आहे. भाचा आता मालवणला जाणार आहे, तिथून आणखी एखादा आणू का? मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, त्याच्या हद्दीतून काहीही उचलायचं नाही. प्रवाळ तर कुठूनच नाही. 2001 पासून ते वाघाइतक्याच कडक संरक्षणात आहे, आणि प्रवाळ चिकटलेला ‘लाइव्ह रॉक’ही त्यात आला. क्लीनर रॅस दुकानात मिळाला तरी घेऊ नका. त्याचं पोट दुसऱ्या माशांच्या परजीवींवर भरतं, घरच्या टाकीत तो बहुधा उपाशी मरतो, आणि खडकावरून तो उचलला की तिथल्या शेकडो माशांचा वैद्य जातो. या टाकीत एक नायग्रेसेन्स आहे, तो नर झाला आहे, त्याला जागा पुरते आहे. दुसरा आणू नका.

ज्यांना आपल्या माशाचं नाव हवं असेल त्यांनी पत्रात पहिली ओळ मासा कुठून आला याची लिहावी. सोबत आरसा दाखवून घेतलेला ताठ पराचा एक फोटो, तोंडाचा जवळून एक, आणि आला त्या दिवशीचा एक असावा. रात्री मासा कुठे झोपतो तेही कळवा. पुढच्या आठवड्यात मीठ नक्की. बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्यायची राहिली असेल तर ती तेवढ्यात उरका.