आज्याचा दाखला, नातीचा नंबर

साकोलीच्या तहसील कार्यालयाजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, धानविक्रीची नोंदणी ही कामं बारमाही. बारावीचा निकाल लागला की बाकावर पोरंपोरी दिसू लागतात, सोबत बाप नाहीतर मामा. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, याच्यात का का लागते जी?" मी यादी सांगायला लागते. निम्म्यावर पोचेपर्यंत बाप पोराकडे बघतो आणि पोरगा मोबाइलकडे.

कॉलेजचा नंबर मार्कांवर लागतो, हे खरं. पण मार्क मिळवायला पोराला दोन वर्षं मिळतात आणि कागदांसाठी घरचे लोक निकालानंतरचा पंधरवडा ठेवतात. माझ्या मते हे उलटं आहे. कागदांची सुरुवात अकरावीच्या पहिल्या महिन्यात व्हावी आणि ते काम पोराच्या अंगावर न टाकता घरच्यांनी करावं.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती कास्ट व्हॅलिडिटी. जातीचा दाखला उपविभागीय कार्यालयातून मिळतो, तो असला म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलला राखीव जागा घ्यायची तर त्या दाखल्याची पडताळणी लागते. त्यासाठी ओबीसी असाल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधायचा, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. म्हणजे पोरीच्या प्रवेशासाठी तिचा आजा कोणत्या शाळेत, कोणत्या साली गेला हे शोधणं आलं.

आपल्या भागात याला आणखी एक पीळ आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. जिल्हा परिषदा आल्या 1962 मध्ये, त्याआधी शाळा बघायची जनपद सभा. गोंदियाही 1 मे 1999 पर्यंत भंडाऱ्यातच होतं. त्यामुळे जुना दाखल-खारीज रजिस्टर ज्या शाळेत असायला हवा तिथेच सापडेल असं नाही. सापडलाच तर काही ठिकाणी नोंद हिंदीत असते: कुणब्याचं 'कुनबी', बापाचं नाव अर्धंच, आडनाव नाहीच. आजा शाळेत गेलाच नसेल तर त्याच्या भावाबहिणीची नोंद पाहायची, कोतवाल बुकातली जन्माची नोंद पाहायची, बंदोबस्ताचे जमिनीचे कागद काढायचे. मग वंशावळीचं शपथपत्र. बापाची किंवा सख्ख्या काकाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर रस्ता बराच सोपा होतो, म्हणून मी आधी तेच विचारते. मामाकडचा पुरावा चालत नाही, आणि सोबत आलेला असतो तो नेमका मामाच!

नॉन-क्रिमिलेअरचं वेगळं. ते फार लवकर काढूनही चालत नाही, कारण ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत त्याची मुदत हवी. डोमिसाईल मात्र एकदा काढून ठेवलं की झालं. नावांचा घोळ दहावीतच मिटवावा. गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, ही जोडी मी रोज बघते.

आता बारावी कुठून करायची ते. चांगल्या मार्कांची पोरं इथून नागपूरला जातात, काही लातूरला, काही भिलाईला नाहीतर कोट्याला. क्लासचं नाव सगळे विचारतात, पण परीक्षा कुठून द्यायची हे कोणी विचारत नाही. राज्यातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, सुमारे 70 टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतून बारावी केलेल्यांसाठी असतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा हे चारही जिल्हे नागपूर विद्यापीठात, म्हणून नागपूरला गेलात तर काही बिघडत नाही. बारावी लातुरात केलीत की तुम्ही नांदेड विद्यापीठाचे, आणि नागपुरातल्या कॉलेजांसाठी बाहेरचे. मेडिकलसाठी नीट देणाऱ्यांना धोका याहून मोठा. राज्याच्या 85 टक्के कोट्यात बसायला, काही अपवाद सोडले, तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच हवी. 2024 पासून भंडाऱ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गोंदियाला 2016 पासून. बारावी राजस्थानातून करून आलेल्या पोराला घरापासून तासाभरावरच्या त्या जागेवर राज्याच्या कोट्यातून हक्क सांगता येत नाही.

परीक्षेबद्दल मी बोलू नये, ते सरांचं काम. पण एक गोष्ट बघून राहवत नाही. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, नीटमध्ये एक कापतात. दोन्हींची तयारी करणारी पोरं नीटच्या सवयीनं सीईटीतही प्रश्न सोडून येतात. आणि सीईटीच्या प्रश्नांत अकरावीचा भाग साधारण 20 टक्के असतो. 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष' असं सांगणाऱ्या मोठ्या भावाला हे दाखवावं.

कॉलेजांची पसंती लावायचा ऑप्शन फॉर्म हे माझं आवडतं काम, कारण इथे पैसा लागत नाही, डोकं लागतं. कॉम्प्युटर तुमच्या यादीतलं पहिलं नाव आधी तपासतो, तिथे नंबर लागत नसेल तर दुसरं. मोठ्या कॉलेजचं नाव वर टाकल्यानं खालची जागा हातची जात नाही. तरी लोक गेल्या वर्षीचा कटऑफ बघून 'आपल्याला मिळेल ते' वर टाकतात. 2025 च्या इंजिनिअरिंग प्रवेशात नियम आणखी कडक झाला: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, की तेच पक्कं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळालं तरी तसंच, तिसरीत पहिल्या सहापैकी. कुठल्याशा दुकानात 'लागलं तर लागलं' म्हणून जवळचं कॉलेज एक नंबरवर टाकलेला पोरगा मग माझ्याकडे रडत येतो. तेव्हा माझ्या हाती काही नसतं. फॉर्मवर मोबाइल नंबरही स्वतःचाच द्या. दुकानदाराचा दिलात तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो त्या वेळी लग्नाला गेलेला असतो.

फेऱ्या येतात नेमक्या रोवणीच्या दिवसांत. घरातला पैसा मजुरीत आणि खतात गेलेला, बाप बांधीत, आणि कॉलेजात हजर व्हायला दोन-तीन दिवस. जागा स्वीकारायला हजार रुपये, फीचे वेगळे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण मुलगी कॅपमधून गेली तरच, मॅनेजमेंट कोट्यातून गेली तर नाही. नागपुरातली खोली आणि मेसचा खर्च त्यात येत नाही, म्हणून धानाचे चुकारे आले की त्यातले थोडे पैसे बाजूला ठेवा, असं मी बापांना उन्हाळ्यातच सांगते.

घरी एवढा जोर नसेल त्यांना मी आपल्याच साकोलीचं सरकारी पॉलिटेक्निक दाखवते. दहावीवर प्रवेश, तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लोक नाक मुरडतात, मला ते पटत नाही. तसंच शेतीचं. ज्या गावाच्या भातसंशोधन केंद्रातून साकोली नावाचे धानाचे वाण निघाले, तिथल्या पोरांना बीएससी अॅग्रीचा प्रवेशही त्याच सीईटीवर होतो हे ठाऊक नसतं. परवा एका मुलीला ते सांगितलं. बाप म्हणाला, "शेतीच करायची तर कॉलेज कायले?" मुलीनं त्याच्याकडे न बघता मला विचारलं, "त्याले गणित लागते का, ताई?" पीसीबी असलं तरी चालतं म्हटल्यावर तिनं वहीत लिहून घेतलं. ती अकरावीत आहे. तिच्या आज्याची शाळा लाखांदूरकडची निघाली, दाखल्याचा अर्ज गेला आहे.