परवाना, मीटर आणि मोबाइल : मुंबईतील टॅक्सी-नियमन व चालकांचा तंत्रज्ञानस्वीकार

प्रस्तावना

मोबाइल फोनवरून टॅक्सी मागविण्याची पद्धत मुंबईत रूढ होऊन आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ओला या कंपनीची स्थापना २०१० मध्ये मुंबईतच झाली. उबरने २०१३ मध्ये बंगळुरूमार्गे भारतात प्रवेश केला व पुढील वर्षी ती मुंबईत आली. या काळात ‘काळी-पिवळी’ टॅक्सीच्या चालकाविषयी एक समज सुशिक्षित वर्गात दृढ झाला. हा चालक जुन्या वळणाचा आहे, नव्या तंत्राला तो बिचकतो, म्हणूनच तो मागे पडला, असा तो समज होय. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. चालक एखादे तंत्र स्वीकारतो की नाकारतो, हे त्याच्या मनोवृत्तीपेक्षा तीन गोष्टींवर अवलंबून असते. त्याची गाडी कोणत्या परवान्यावर धावते, भाड्याचा दर कोण ठरवतो आणि त्या तंत्रापायी होणारा खर्च व धोका कोणाच्या माथी बसतो, या त्या तीन गोष्टी होत.

नियमनाची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये चालकाची अनुज्ञप्ती आणि वाहनाचा परवाना या दोन भिन्न बाबी आहेत. गाडी चालविण्याची पात्रता अनुज्ञप्तीने व बिल्ल्याने सिद्ध होते, तर भाड्याने गाडी फिरविण्याचा अधिकार कलम ६६ खालील परवान्याने मिळतो. टॅक्सी हे कायद्याच्या भाषेत ‘कंत्राटी वाहन’ असून तिच्या परवान्याच्या अटी कलम ७४ मध्ये दिलेल्या आहेत. मीटर बसविण्याची अट त्यांपैकीच एक. याच कलमातील तिसऱ्या पोटकलमान्वये, केंद्राने निदेश दिल्यास, पाच लाखांहून कमी लोकसंख्या नसलेल्या शहरांत अशा वाहनांची संख्या राज्य सरकारला मर्यादित करावी लागते. कलम ६७ मुळे भाडे ठरविण्याविषयी निदेश देण्याचा अधिकार राज्याला लाभतो. मुंबई परिसरात हे काम मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण करते.

या चौकटीचा सर्वांत दूरगामी वापर १९९७ मध्ये झाला. त्या वर्षी मुंबईत नव्या टॅक्सी परवान्यांवर बंदी आली व ती २०१७ पर्यंत टिकली. शहर वाढत होते, उपनगरे विरार-पनवेलपर्यंत पसरत होती, आणि परवाने मात्र गोठले होते. परवाना हीच एक मिळकत बनली. ज्याच्या नावे परवाना तो गाडी चालवीलच असे नाही. अनेक गाड्या पाळीने दुसऱ्याला दिल्या जात आणि चालक दिवसाची ठरलेली रक्कम मालकाला देऊन उरलेले घरी नेई. अशा चालकाच्या दृष्टीने गाडी नवी असणे वा जुनी असणे यात फारसा फरक नव्हता. प्रीमियर पद्मिनी ही टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली, तोवर ती तग धरून राहिली. त्यामागे आवडीनिवडीपेक्षा या अर्थव्यवस्थेचा वाटा अधिक होता. तिच्या निरोपाच्या वेळी वृत्तपत्रांतून पुष्कळ स्मरणरंजन झाले. तिच्या चालकाच्या कमाईची चर्चा त्या मानाने अल्पच झाली.

फ्लीट टॅक्सी योजना (२००६) ही या कोंडीवरची पहिली फट होती. तिच्याअंतर्गत २००७ मध्ये मेरूसारख्या कंपन्यांच्या दूरध्वनीवर मागविता येणाऱ्या वातानुकूलित टॅक्सी रस्त्यावर आल्या. पुढे आलेल्या अॅप-कंपन्यांनी मात्र ही वाटही धरली नाही. त्यांच्याशी जोडलेल्या बहुतेक गाड्या पर्यटक परवान्यावर धावू लागल्या. या परवान्यावर शहरी टॅक्सीप्रमाणे संख्येचे बंधन नव्हते, मीटरची सक्ती नव्हती आणि प्राधिकरणाचा दरही लागू नव्हता. कंपन्यांची भूमिका अशी की त्या वाहतूकदार नसून माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खालील मध्यस्थ आहेत. परिणामी एकाच रस्त्यावर, एकाच प्रवाशासाठी, दोन वेगळ्या कायदेशीर व्यवस्थांतील गाड्या उभ्या राहिल्या.

तीन तंत्रे, तीन प्रतिसाद

मुंबईच्या टॅक्सीचालकांसमोर गेल्या पंचवीस वर्षांत तीन तंत्रे आली व प्रत्येकाला त्यांनी वेगळा प्रतिसाद दिला. पहिले सीएनजी. स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरमच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ पासून दिलेल्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सींना या इंधनाकडे वळावे लागले. आरंभी कुरकुर झाली. पंपांवरच्या रांगा लांब होत्या आणि सिलिंडरने डिकीतली सामानाची जागा खाल्ली. तथापि पेट्रोलच्या तुलनेत वाचलेला पैसा थेट चालकाच्या हाती पडत असल्याने अल्पावधीतच हे इंधन सार्वत्रिक झाले. येथे सक्ती होतीच, पण लाभही चालकाचाच होता.

दुसरे तंत्र इलेक्ट्रॉनिक मीटरचे. यांत्रिक मीटरवर जुना आकडा उमटे आणि चालक दरपत्रक काढून प्रत्यक्ष भाडे सांगे. प्रवाशाला हा हिशेब नेहमीच संशयास्पद वाटे. नव्या मीटरने हा संशय दूर केला, परंतु मीटरचा खर्च चालक-मालकावर आला. शिवाय दर बदलला की मीटर पुन्हा जुळवून, तपासून घ्यावे लागते. त्याचे पैसेही त्याचेच आणि बुडालेला दिवसही त्याचाच. त्यामुळे संघटनांनी विरोध केला, अखेर मीटर बसले. फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीच्या वेळीही जुळणी पूर्ण होईपर्यंत पुन्हा दरपत्रकच वापरावे लागले.

तिसरे तंत्र अॅपचे, आणि येथे चित्र गुंतागुंतीचे आहे. दक्षिण मुंबईत, म्हणजे जेथे रिक्षाला मज्जाव आहे त्या माहीम-शीवच्या अलीकडील भागात, काळी-पिवळीचा धंदा हात दाखवून थांबविणाऱ्या प्रवाशावर व स्थानकांबाहेरील स्टँडवर चालतो. चर्चगेट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई सेंट्रल येथून भाडी जवळची असतात, पण एक उतरले की दुसरे चढते. अशा चालकाने अॅपवरील बोलावण्यासाठी दीड-दोन किलोमीटर रिकामी गाडी न्यायची, गल्लीत प्रवाशाची वाट पाहायची आणि त्यातून कंपनीचा हिस्सा द्यायचा, हे व्यवहारात बसत नाही. याउलट अंधेरी, पवई, ठाणे येथून नवी मुंबईकडे वा विमानतळाकडे जाणाऱ्या लांब फेऱ्यांसाठी रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक मिळणे कठीण. तेथे अॅप खरोखर उपयोगी ठरते. काळी-पिवळीला अॅपवर घेण्याचे प्रयोग झाले, संघटनांच्या पुढाकाराने स्वतंत्र अॅपही निघाली. ती फारशी रुजली नाहीत, याचे एक मोठे कारण या भूगोलात आहे.

अॅपवर प्रथम आले ते मुख्यतः दुसरेच लोक. परवान्याअभावी टॅक्सी-व्यवसायाच्या बाहेर राहिलेले, खासगी गाड्यांवर पगारी चालक म्हणून राबणारे, गावाकडून नव्याने आलेले तरुण यांत बरेच होते. त्यांना परवान्याची अडचण नव्हती. हप्त्यावर गाडी मिळत होती आणि कंपन्या ठरावीक फेऱ्यांमागे घसघशीत इन्सेंटिव्ह देत होत्या. हप्ता इन्सेंटिव्हच्या हिशेबाने बेतला गेला. पुढे इन्सेंटिव्ह आटले, हप्ता मात्र दर महिन्याच्या त्याच तारखेला येत राहिला. मुंबईत मार्च २०१८ आणि पुन्हा ऑक्टोबर २०१८ मध्ये अॅप-चालकांनी जे बंद पुकारले, त्यांची मुळे येथे आहेत. दोनतीन वर्षांपूर्वी काळी-पिवळीच्या संघटनांनी याच कंपन्यांविरुद्ध बंद केले होते, ही बाब ध्यानात घेतली म्हणजे असंतोष तंत्राविषयी नव्हता हे उघड होते.

दर कोणाचा?

या प्रश्नाचा गाभा दरनिश्चितीत आहे. काळी-पिवळीचा दर सार्वजनिक असतो. २०१२ मध्ये पी. एम. ए. हकीम समितीने वाहनाची किंमत, इंधन, देखभाल व चालकाचा निर्वाहखर्च यांना धरून दरवाढीचे सूत्र सुचविले, नंतर बी. सी. खटुआ समितीने २०१७ मध्ये या साऱ्याचा पुनर्विचार केला. सूत्र असूनही जून २०१५ मधील २२ रुपयांचे किमान भाडे मार्च २०२१ पर्यंत जागचे हलले नाही. त्यानंतर ते २५, ऑक्टोबर २०२२ मध्ये २८ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये झाले. पावणेसहा वर्षे दर गोठविणारी व्यवस्था चालकाच्या हिताची होती असे म्हणता येणार नाही. तरीही तिच्यात एक गुण आहे : दर कोणी ठरविला हे ठाऊक असते, आणि त्या कार्यालयाच्या दाराशी जाऊन भांडता येते. जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या नेत्याने मुंबईत टॅक्सीचालकांची संघटना उभी केली ती याच शक्यतेच्या बळावर.

अॅपवरील दर ज्या संगणकीय सूत्राने ठरतो ते चालकास दिसत नाही. दीर्घकाळपर्यंत प्रवासी कोठे जाणार हेही त्याला फेरी सुरू होईपर्यंत कळत नसे. उबरने भारतात २०२२ मध्ये ते आधी दाखविण्यास आरंभ केला. ‘कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?’ असे फोनवर विचारून फेरी रद्द करणाऱ्या चालकाविषयी प्रवाशांची तक्रार रास्त आहे. पण प्रवाशाला जी माहिती सहज मिळते ती चालकापासून दडविल्याचा तो परिणामही आहे. भाडे नाकारणाऱ्या टॅक्सीचालकास कलम १७८ नुसार दंड होतो व तो त्यावर दाद मागू शकतो. अॅपवर ‘आयडी’ बंद होतो, आणि दाद मागायची तर समोर यंत्राकडून आलेले उत्तर असते.

हे प्रकरण स्पर्धा आयोगापर्यंतही गेले. एकाच सूत्राने हजारो स्वतंत्र चालकांचे दर ठरणे म्हणजे संगनमत नव्हे काय, हा तेथील प्रश्न होता. चालकांमध्ये परस्पर करार दिसत नाही, या कारणास्तव आयोगाने २०१८ मध्ये तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तोच निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या दृष्टीने निष्कर्ष सुसंगत आहे. चालकाच्या दृष्टीने पाहता, त्याला स्वतंत्र व्यावसायिक मानावयाचे आणि स्वतःच्या मालाची किंमत ठरविण्याचा अधिकार मात्र द्यावयाचा नाही, ही विसंगती तशीच राहते.

नियमनाचा नवा टप्पा

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने अॅग्रीगेटर, शासकीय मराठीत समुच्चयक, ही संज्ञा प्रथमच कायद्यात आणली व कलम ९३ खाली त्यांना अनुज्ञप्ती बंधनकारक केली. नोव्हेंबर २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी गर्दीच्या वेळच्या वाढीव दरावर मूळ दराच्या दीडपटीची मर्यादा घातली, भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला द्यावा असे सांगितले आणि दिवसाला बारा तासांहून अधिक काम नको असेही म्हटले. जुलै २०२५ च्या सुधारित सूचनांनी वाढीव दराची मर्यादा दुप्पट केली. महाराष्ट्राने त्याआधी २०१७ मध्ये सिटी टॅक्सी नियम केले होते. पर्यटक परवान्यावरून शहरी परवान्यावर येताना इंजिनाच्या क्षमतेनुसार लागणारे शुल्क चालकावरच पडणार असल्याने काही चालकांनी त्यांना उच्च न्यायालयात आव्हान दिले. नियमन कंपनीला उद्देशून लिहावे आणि त्याचे बिल चालकाच्या हाती पडावे, असा हा अनुभव आहे. राज्याचे नियम होईपर्यंत केंद्रीय सूचनांप्रमाणे अनुज्ञप्तीसाठी अर्ज करा, असे कंपन्यांना मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने मुंबई परिसरातील अॅप-टॅक्सींसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा मूळ दर ठरविला. तो काळी-पिवळीच्या दराशी ताडून पाहणे उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलेला काळी-पिवळीचा दर २० रुपये ६६ पैसे असून तो सर्वस्वी गाडीच्या पदरी पडतो. अॅप-टॅक्सीच्या मूळ दरातून २० टक्के हिस्सा वजा केल्यास चालकाकडे १८ रुपये १८ पैसे उरतात. म्हणजे प्रवासी किलोमीटरमागे दोन रुपये अधिक मोजतो आणि चालकाला जवळजवळ अडीच रुपये कमी मिळतात. दीडपट दराच्या वेळी हाच आकडा २७ रुपयांच्या वर जातो, तर मंदीच्या वेळी पंचवीस टक्के सूट दिल्यास साडेतेरा रुपयांच्या आसपास येतो. गाडी वातानुकूलित व तुलनेने नवी, तिच्यावर कर्ज. या बेरजेत प्रवाशाला घ्यायला जाताना रिकामे कापलेले अंतर धरलेलेच नाही.

हिशेब बदलला की प्रतिसाद बदलतो, याचा पडताळा बंगळुरूत मिळतो. तेथे रिक्षाचालकांच्या संघटनेच्या सहभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘नम्म यात्री’ हे अॅप सुरू झाले. ते फेरीमागे टक्केवारी घेत नाही. पुढे त्याने दिवसाला २५ रुपयांसारखे माफक शुल्क ठेवले. मीटर नाकारण्याबद्दल बदनाम असलेल्या रिक्षाचालकांनीच ते उचलून धरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरलाही रिक्षांसाठी टक्केवारी सोडून शुल्काची पद्धत स्वीकारावी लागली. दुसऱ्या टोकाला गोवा आहे. तेथील पर्यटक टॅक्सी प्रामुख्याने स्थानिक मालक-चालकांच्या असून हॉटेल, किनारा व विमानतळ येथील स्टँडवर त्यांची पकड आहे. पर्यटन विकास महामंडळाच्या आश्रयाने २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘गोवा माइल्स’ला त्यांनी कडवा विरोध केला. ज्याच्या हाती आधीच गिऱ्हाईक आहे, त्याला अॅप नवे काही देत नाही, फक्त काढून घेते. त्यात पर्यटकाची कुचंबणा होते, हेही तितकेच खरे.

सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत परवान्याची ही जुनी फाळणी नव्या रूपाने पुढे आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अॅपवरील कामगारांची स्वतंत्र व्याख्या असून अॅग्रीगेटरने उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या निधीत द्यावी अशी तरतूद आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये स्थापन करण्याचे ठरविलेले कल्याणकारी मंडळ हे ऑटोरिक्षा व मीटर टॅक्सीचालकांसाठी आहे. दादरच्या सिग्नलला शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन टॅक्सींपैकी एकीचा चालक संहितेच्या कक्षेत येतो, दुसरीचा मंडळाच्या. आणि सकाळी मालकाची काळी-पिवळी व रात्री हप्त्यावरची अॅप-टॅक्सी चालविणाऱ्याला दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागेल.