कॅव्हेंडिशचा बुडबुडा

हेन्री कॅव्हेंडिश हा इंग्रज गृहस्थ अफाट संपत्तीचा धनी, परंतु इतका संकोची की, दासींशी समोरासमोर बोलणे टाळून तो जेवणाचा हुकूमही चिठ्ठीवर लिहून ठेवीत असे. मोजमापाच्या कामी मात्र असा काटेकोर हिशेबनीस विरळाच. १७८५ साली त्याने वाकविलेल्या काचनळीची दोन्ही टोके पाऱ्याच्या पेल्यांत बुडवून, आत कोंडलेल्या हवेत प्राणवायूची भर घालीत विद्युत्ठिणग्या पाडल्या आणि नत्र व प्राणवायू यांच्या संयोगाने निपजणारे आम्ल क्षारद्रावात शोषून घेतले. शेवटी उरलेला प्राणवायूही काढून टाकल्यावर नळीत एक इवलासा बुडबुडा मागे राहिला. नत्राच्या एकशेविसाव्या हिश्श्याहून अधिक नव्हे. दुसऱ्या कोणी ही शिल्लक हातचुकीच्या खाती टाकून दप्तर बंद केले असते. कॅव्हेंडिशने ती इमानाने नमूद केली, आणि पुढे शंभरेक वर्षे त्या नोंदीची कोणी वास्तपुस्त केली नाही.

हवेतून मिळविलेला नत्र संयुगांपासून काढलेल्या नत्राहून लिटरमागे जेमतेम ६-७ मिलिग्रॅमनी जड भरतो, असे लॉर्ड रॅले यांना आढळले, तेव्हा त्यांनी कॅव्हेंडिशचाच प्रयोग नव्याने केला. विल्यम रॅमझे यांनी तापलेल्या मॅग्नेशियमकरवी नत्र शोषविला, आणि १८९४ साली आर्गॉन हा वायू उजेडात आला; कॅव्हेंडिशचा बुडबुडा तो हाच. पाठोपाठ हेलियम, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन हाती लागले व आवर्तसारणीत एक अख्खा नवा स्तंभ घालणे भाग पडले. कॅव्हेंडिशचा आकडा थोडा कमी पडला खरा, पण त्या ओबडधोबड साधनांकडे पाहता तो थक्क करणाराच म्हटला पाहिजे. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे व रॅमझे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.