न्यायाधीश वूल्झी आणि ‘युलिसिस’

अमेरिकेतील संघीय जिल्हा न्यायालय ही तेथील संघीय न्यायव्यवस्थेची पहिली पायरी होय. तेथे पुरावा तपासला जातो आणि वस्तुस्थिती ठरते. मात्र तेथील निर्णय इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो. असे असूनही या पायरीवरील जॉन वूल्झी यांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात टिकून राहिले.

वूल्झी यांचा जन्म १८७७ साली दक्षिण कॅरोलायना राज्यात झाला. येल विद्यापीठातील शिक्षणानंतर १९०१ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये सागरी कायद्याचे वकील म्हणून लौकिक मिळविला. १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी त्यांची न्यायाधीशपदी नियुक्ती केली. १९३१ मध्ये त्यांनी मेरी स्टोप्स यांच्या विवाह व संततिनियमनविषयक दोन पुस्तकांना अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त केले.

त्या काळी अश्लीलतेची प्रचलित कसोटी १८६८ च्या हिक्लिन खटल्यातील होती. कृतीतील सुटे उतारे काढावयाचे आणि मनाने दुर्बल असलेल्या वाचकावर त्यांचा काय परिणाम होईल हे पाहावयाचे, असे तिचे स्वरूप होते. १९३३ मध्ये जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी वूल्झींपुढे आली. उभय पक्षांनी ज्यूरीचा हक्क सोडल्यामुळे निर्णयाचा सारा भार त्यांच्या एकट्याच्या वाचनावर पडला. त्यांनी कादंबरी आरंभापासून अखेरपर्यंत वाचली आणि आक्षेपार्ह भाग पुनःपुन्हा वाचले. परस्परांच्या नकळत दोन जाणत्या मित्रांचे मतही त्यांनी घेतले. पात्रांच्या मनातील जाणिवेचा प्रवाह प्रामाणिकपणे दाखवावयाचा, तर ते शब्द टाळणे शक्य नव्हते, हे त्यांनी ओळखले. कृतीचा विचार साकल्याने करावा आणि मापदंड सामान्य प्रकृतीच्या वाचकाचा असावा, या भूमिकेवरून ६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांनी कादंबरी मुक्त केली. १९३४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी हा निर्णय कायम केला. प्रकाशकाने निकालपत्र कादंबरीच्या आरंभीच छापल्याने ते असंख्य वाचकांपर्यंत पोहोचले. वूल्झी १९४५ मध्ये निवर्तले.

या निकालाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. कादंबरी कामोत्तेजक नाही, म्हणून ती सुटली. उत्तेजक ठरणाऱ्या श्रेष्ठ कृतीचे काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. शिवाय ‘सामान्य वाचक’ कोण, हे अखेर न्यायाधीशच ठरवितो.

हा प्रश्न मराठीलाही परका नाही. मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात, १९६४ साली, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ संबंधी हिक्लिन कसोटीच मानली. मात्र १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेचे लेखक चंद्रकांत काकोडकर यांची शिक्षा रद्द केली. पुढे २०१४ मध्ये हिक्लिन कसोटी त्याने स्पष्टपणे बाजूस सारली. कायद्याची भाषा कोणतीही असो, लेखकाचे स्वातंत्र्य पुष्कळदा एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते: न्यायासनावरील व्यक्ती पुस्तक पूर्ण वाचते की नाही.