एकाच वाढप्याचा कारभार : ‘नोड’ची ओळख

रेल्वेचें तिकीट काढणें असो, विजेचें बिल भरणें असो, कीं परगांवीं गेलेल्या मुलाचा निरोप वाचणें असो, घरांतील माणूस पडद्यावर बोट ठेवतो आणि क्षणभरांत उत्तर येतें. हें उत्तर देणारा संगणक दूर कोठेंतरी अहोरात्र जागा असतो. त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. मागणारे हजारों आणि देणारा एक, असा हा व्यवहार असल्यामुळें देणाऱ्यानें आपला वेळ कसा वापरावा, हा या विद्येंतील एक मुख्य प्रश्न होऊन बसला. ‘नोड डॉट जेएस’ हें त्या प्रश्नाचें एक उत्तर आहे. आणि प्रश्न ज्याला समजला, त्याला नोड शिकणें अवघड जात नाहीं.

या कथेचा आरंभ ब्राउझरमध्यें होतो. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत रचली. पडद्यावरील पानांत थोडी हालचाल आणावी, एवढेंच तिच्याकडे काम होतें. ब्राउझरच्या उंबरठ्याबाहेर तिला फारसें कोणी विचारीत नसे. २००८ सालीं गूगलनें क्रोम ब्राउझरबरोबर ‘व्ही-एट’ हें इंजिन सर्वांसाठीं खुलें केलें. तें ही भाषा यंत्राच्या भाषेंत उतरवून फार वेगानें चालवितें. रायन डाल या अमेरिकन प्रोग्रामरनें या इंजिनाला ब्राउझरबाहेर संसार मांडून दिला. फाइली वाचण्याची व नेटवर्कवर बोलण्याची शक्ति त्याला जोडली. आणि ८ नोव्हेंबर २००९ रोजीं बर्लिन येथील एका परिषदेंत ही रचना लोकांपुढें मांडली. एखाद्या भाषेंतील प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालविणाऱ्या अशा साधनाला ‘रनटाइम’ म्हणतात. नोड ही निराळी भाषा आहे, असा नवशिक्यांचा समज पुष्कळदां होतो. वस्तुतः भाषा जावास्क्रिप्टच, तिचें घर तेवढें नवें. हें घर मुक्तस्रोत आहे. त्याची घडण कोणींही वाचावी, वापरावी, बदलावी, अशी परवानगी परवान्यानेंच दिलेली आहे.

आतां मूळ प्रश्न. एका उपाहारगृहांत प्रत्येक गिऱ्हाइकामागें एक वाढपी नेमला आहे, अशी कल्पना करावी. वाढपी मागणी घेतो, स्वयंपाकघरांत सांगतो, आणि पदार्थ तयार होईपर्यंत दाराशीं उभा राहतो. गिऱ्हाइकें दहा असतील तोंवर हें शोभतें. दहा हजार झालीं, तर वाढप्यांनाच उभें राहण्यास जागा उरणार नाहीं. अनेक जुन्या सर्व्हरांची रीत अशीच होती. प्रत्येक जोडणीसाठीं एक स्वतंत्र कामकरी, आणि डेटाबेसचें उत्तर येईपर्यंत तो स्मरणशक्ति अडवून स्वस्थ बसलेला.

नोडच्या घरीं वाढपी एकच. तो मागणी घेतो, चिठ्ठी खिडकींतून आंत सरकवितो, आणि लगेच पुढच्या मेजाकडे वळतो. आंतून घंटा वाजली कीं ताट उचलून ज्याचें त्याला नेऊन देतो. त्याच्या या अखंड फेरीला ‘इव्हेंट लूप’ म्हणतात. आंतील स्वयंपाकघर म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली व ‘लिबयूव्ही’ नांवाचा नोडचा सोबती. नेटवर्कवरील वाट पाहण्याचें काम कार्यप्रणाली पाहते. फाइली वाचण्यासारख्या कामांना लिबयूव्हीनें सामान्यतः चार मदतनीस ठेवलेले असतात.

आरंभ करण्यास साहित्य थोडें लागतें. नोडच्या अधिकृत स्थळावरून ‘एलटीएस’, म्हणजे दीर्घकाळ डागडुजीची हमी असलेली आवृत्ति उतरवून घ्यावी. ती बसविल्यावर टर्मिनल उघडून नोडला त्याचा आवृत्तिक्रमांक विचारावा. क्रमांक उमटला म्हणजे घर नांदतें झालें. मग साध्या लेखनाची एक फाइल करून तींत ‘कन्सोल डॉट लॉग’ या आज्ञेनें एक वाक्य छापण्यास सांगावें, आणि नोड या शब्दापुढें फाइलचें नांव देऊन ती चालवावी.

दुसरा पाठ सर्व्हरचा. नोडमध्यें ‘एचटीटीपी’ नांवाचा भाग आधींच असतो. तो मागवून घ्यावा, ‘क्रिएटसर्व्हर’ला मागणी आल्यावर काय उत्तर द्यावयाचें तें सांगावें, आणि ‘लिसन’ या आज्ञेनें ३००० क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसवावें. ब्राउझरमध्यें ‘लोकलहोस्ट’ व तो क्रमांक लिहितांच उत्तर उमटतें. सगळ्या मिळून सहा-सात ओळी. परंतु आपल्याच मेजावर सर्व्हर बोलूं लागल्याचा आनंद मोठा असतो.

येथेंच न थांबतां एक प्रयोग अवश्य करावा. पत्त्याच्या शेवटीं एखादा ठराविक शब्द आला, तर घड्याळ दहा सेकंद पुढें जाईपर्यंत नुसतें आवर्तन करीत राहावें, अशी व्यवस्था त्याच फाइलींत करावी. सर्व्हर पुन्हां सुरू करून एका खिडकींत तो पत्ता उघडावा आणि लगेच दुसरींत साधा पत्ता. दुसरी खिडकीही तटून बसेल! वाढपी एकच, आणि तोच दळण दळीत बसला. मग इतर मेजांकडे पाहणार कोण? आतां आवर्तनाच्या जागीं ‘सेटटाइमआउट’नें दहा सेकंदांनीं उत्तर देण्यास सांगावें. पहिली खिडकी थांबेल, दुसरी तत्क्षणीं उघडेल.

या दहा सेकंदांत नोडचें सारें मर्म आहे. एका माणसानें वर्षाचा हिशेब मागितला आणि तो वाढप्यानें स्वतःच करावयास घेतला, तर त्याच वेळीं पैसे भरणारे इतर सर्व खोळंबतात. घरीं एकट्यानें तपासतांना हा दोष दिसतच नाहीं. गर्दी झाल्यावर दिसतो. म्हणून ज्या आज्ञांच्या नांवाअखेर ‘सिंक’ हा शब्द येतो, त्या मागणीचें उत्तर देतांना टाळाव्या, आणि जड आंकडेमोड ‘वर्कर थ्रेड’ या निराळ्या कामकऱ्याकडे सोंपवावी.

उसनवारीविषयींही सावध असावें. नोडबरोबर ‘एनपीएम’ हें साधन येतें. त्याच्या भांडारांतून इतरांनीं लिहिलेले भाग एका आज्ञेंत घरीं येतात. मार्च २०१६ मध्यें ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचा, अवघ्या अकरा ओळींचा भाग त्याच्या कर्त्यानें भांडारांतून काढून घेतला. अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणें, एवढेंच त्याचें काम. पण त्याच्यावर विसंबलेल्या असंख्य प्रोग्रॅमांची बांधणी त्या दिवशीं अडली, आणि भांडाराच्या चालकांना तो परत ठेवावा लागला. शेजाऱ्याकडून विरजण आणण्यास हरकत नाहीं. पण वाटीभर दहीं घरीं लावतां यावें.

तात्पर्य, नोडचा पहिला सर्व्हर अर्ध्या तासांत उभा राहतो. त्यापुढें प्रत्येक ओळ लिहितांना एकच विचारावें : ही ओळ चालूं असतां दाराशीं कोण ताटकळत आहे?