टोळी, जमाव आणि वीस कोयते

दसरा-दिवाळी आटोपली की कळंब, वाशी, भूम भागातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. गावात विचारलं तर उत्तर येतं, 'टोळी गेली.' हीच ओळ इंग्रजीत लिहायची झाली की पंचाईत होते. 'टोळी'साठी 'गँग' लिहिलं, तर धाराशिवचा कष्टकरी दरोडेखोरांच्या रांगेत जाऊन बसतो.

मुळात 'गँग'वर हा डाग नव्हता. एकत्र काम करणाऱ्या मजुरांसाठी तो रूढ होता. रेल्वेचे रूळ राखणारा 'गँगमन' आपल्याकडेही ओळखीचा आहे. इंग्लंडमध्ये शेतमजुरांच्या 'गँग'साठी 1867 साली कायदा झाला. मजूर पुरवणाऱ्याला तिथे 'गँगमास्टर' म्हणतात, म्हणजे आपला मुकादमच. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री मोरकॅमच्या खाडीत शिंपले वेचणारे किमान 21 चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले आणि त्याच वर्षी गँगमास्टरांना परवान्याची सक्ती करणारा कायदा तिथे मंजूर झाला. इतका इतिहास पाठीशी असूनही आजच्या वाचकाच्या कानात 'गँग' म्हणजे गुन्हेगारच. 'क्रू' म्हटलं की जहाज, विमान किंवा चित्रपटाचं चित्रीकरण आठवतं. 'ग्रुप' निर्धोक आहे, पण त्यात कामाचा गंधही नाही. त्यातल्या त्यात 'टीम' बरा, कारण मिळून राबणं त्यात आहे.

तुळजापुरात प्रश्न वेगळा. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून, कर्नाटकातून पायी येणाऱ्या भाविकांची गर्दी म्हणजे 'क्राउड'. 'मॉब' मात्र नव्हे! चंचल जनता अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची छाटणी होऊन 'मॉब' तयार झाला. 1710 मध्ये जोनाथन स्विफ्टने अशा छाटलेल्या शब्दांवर जाहीर नाराजी व्यक्त केली होती, तरी तो टिकला. त्यात संताप आणि हिंसा आहे. मराठीही गर्दी, जमाव आणि झुंड यांत असाच भेद करते. म्हणून तर 'मॉब लिंचिंग'ला वृत्तपत्रांनी 'झुंडबळी' म्हटलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठात मात्र अशा हत्येच्या कलमात 'मॉब' नाही, पाच किंवा अधिक जणांचा 'ग्रुप' आहे. आरोप सिद्ध होण्याआधीच शब्दाने निकाल देऊ नये, हे कायद्याला शोभतंच.

देवीची गाणी गाणारा आराधी मेळा 'ट्रूप' ठरेल, पण कलापथकाचा आणि सैनिकांचा 'ट्रूप' कानाला सारखेच. स्पेलिंग चुकलं की हातातल्या झांजांच्या बंदुका होतात. शिवाय मेळ्यातली उपासना दोन्हींत उतरत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती 'कोयता' या शब्दाशी. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा मजूर अर्धा कोयता. म्हणजे वीस कोयत्यांच्या टोळीत चाळीस माणसं फडात उतरतात. इंग्रजीत 'वीस जणांची टीम' असं लिहून मोकळं होणाऱ्याच्या हातून बहुधा वीस बायका गळतात. पहाटे भाकऱ्या थापून, दिवसभर ऊस तोडून, डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बायका. तिथे 'वीस जोडपी, चाळीस मजूर' एवढं सविस्तर लिहायलाच हवं.