तलवार ठेवा, पानसुपारी घ्या: रोलप्लेइंग खेळात १८१५ सालचं सामाजिक जीवन कसं आणाल?

'ब्रिजर्टन' मालिकेमुळे 'रीजन्सी' हा शब्द आपल्याकडेही ओळखीचा झालाय. झुंबरं, घोडागाड्या, नाच आणि लग्नाची बोलणी. मित्रांसोबत टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळातही हा काळ आणता येतो. त्यासाठी लंडन गाठायची मात्र गरज नाही. त्याच वर्षांत संगमनेर तालुक्यातल्या निमगाव जाळीचा एक माणूस पुण्याचा दरबार हलवत होता.

रोलप्लेइंग खेळ म्हणजे काय?

१९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार रुजला. एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र होतात आणि अडलेल्या गोष्टींचा निकाल फासे लावतात. बहुतेक डावांत गाडी लढाईवरच येते. गुहा, राक्षस, खजिना, पुन्हा गुहा. चार-सहा डावांनंतर कंटाळा येतोच.

रीजन्सीत वेगळं काय?

राजा तिसरा जॉर्ज आजारी पडल्याने १८११ ते १८२० या काळात त्याच्या मुलाने 'प्रिन्स रीजंट' म्हणून कारभार पाहिला. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच काळात छापल्या गेल्या. त्या जगात जखम शरीराला नाही, अब्रूला होते. एकाच जोडीदाराबरोबर जास्त वेळा नाचलं की कुजबुज सुरू. २०१८ मध्ये आलेला 'गुड सोसायटी' हा खेळ यावरच बेतलेला आहे. त्यात फासेच नाहीत. अफवांसाठी आणि पत्रांसाठी वेगळे टप्पे आहेत.

मग नगर कुठे आलं?

निमगाव जाळीचे त्रिंबकजी डेंगळे हे दुसऱ्या बाजीरावाचे खास कारभारी. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर हिशेब मिटवायला पुण्यात आले. पेशव्याने आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला देऊ केली. नाशिकला लग्नाची तयारी झाली आणि शास्त्र्यांनी माघार घेतली. त्यात भर म्हणजे, पेशव्यांच्या वाड्यावर आपल्या पत्नीला पाठवायलाही त्यांनी नकार दिला. ऑस्टिनच्या कादंबरीत अशा अपमानानंतर फार तर बोलणं बंद होतं. इथे जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात शास्त्र्यांचा खून झाला.

ठपका त्रिंबकजींवर आला. इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात गोऱ्या पहाऱ्यात ठेवलं. सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. कसे? एका इंग्रज अधिकाऱ्याकडे चाकरीला असलेला मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा आणि त्यातून निरोप द्यायचा, असं सांगतात. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं. गेम मास्टरला याहून चांगला प्रसंग कुठून मिळणार? खेळाडूंना तलवार देऊच नका. गाण्यात निरोप कसा लपवायचा, ते त्यांनाच ठरवू द्या.

करमणुकीला काम द्या

नवखे गेम मास्टर इथेच चुकतात. नाच किंवा मेजवानी नुसती सजावट म्हणून येते आणि खेळाडू मोबाइल काढतात. प्रत्येक बैठकीत काहीतरी मिळायला किंवा गमवायला हवं. सोंगट्यांच्या पटावर समोरचा किती लावतोय, यावरून त्याचं कर्ज कळावं. गंजिफाच्या डावात कोण कोणाला जिंकू देतंय ते दिसावं. कीर्तनात पुढे कोण बसलं आणि पान आधी कोणाला दिलं, हेसुद्धा माहितीच आहे. फडावरचा शाहीर तर चालतंबोलतं वर्तमानपत्र. आपल्याकडे त्या काळात संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) होते. एखाद्या खेळाडूला शाहीर करा आणि अफवा पसरवायची ताकद त्याच्या हाती द्या.

नियम फार लागत नाहीत. प्रत्येक पात्राला दहा 'अब्रू' गुण पुरेत. निमंत्रण नाकारलं, देणं थकवलं, भर बैठकीत उलट बोललं तर गुण कमी. शून्यावर आलेल्याला दरवाजे बंद. डाव संपताना प्रत्येकाने एक पत्र लिहायचं. ते कोणाच्या हाती पडेल, ते फासा ठरवेल.

एक अडचण आहे, ती टाळू नका

पेशवाईतल्या पंगतीला कोण बसत होतं आणि कोणाला वाड्याच्या आसपासही फिरकू दिलं जात नव्हतं, हे वगळून केलेला खेळ खोटा वाटेल. जातीचा विषय निघणारच. तो कसा आणि कितपत आणायचा, हे पहिल्या डावाआधी सगळ्यांनी मिळून ठरवा. कोणी नको म्हटलं तर वाद न घालता तो प्रसंग काढून टाका. मोतद्दार, बटकी, शाहीर यांना मुख्य पात्रं केलंत तर गोष्ट आपोआप खरी होत जाते, कारण वाड्यातली बातमी आधी त्यांनाच कळायची.

सुरुवात कुठून?

पाच जण, तीन तास आणि उन्हाळा १८१५. नाशिकला मांडव पडलाय, शास्त्र्यांचा नकार अजून यायचाय. लग्न घडवून आणायचं की मोडायचं, ते खेळाडू ठरवतील. इतिहासात पुढे जून १८१७ च्या पुणे करारात नगरचा किल्ला कंपनीकडे गेला आणि वर्षभरात पेशवाई संपली. तुमच्या टेबलावर तसंच व्हायला हवं असं नाही.